मागच्या भिंतीतलं दार

३ मार्च १९६९
पालकसभा झाली. पुरुष आले, चहा प्यायले, गेले. आई एकही नाही. घरोघर निरोप धाडले होते मी! चौथीतल्या कमलचं नाव पुढच्या वर्षी काढणार म्हणे. तिच्या आजोबांनी, नानांनी, भर सभेत सांगून टाकलं, "पोर मोठी व्हयनी, बाई. आते बस." तिच्या आईला विचारलंत का, म्हटलं. नाना नुसते हसले. संताप झाला. आणि त्या आईचाही राग आला, खोटं कशाला लिहू.

६ मार्च
कमलची आई विहिरीवर भेटली. सभेला का नाही आलात, फाडकन विचारलं. तिने घागर भरून घेतली. मग हळूच, "शाळानं दार पारसमोर शे. तठे मना सासरा बठस. त्यास्ना म्होरथीन कशी येऊ, बाई?"
गावातली एकही सून पारासमोरून जात नाही. सगळ्या मागच्या गल्लीने. मी अमळनेरची, बाहेरची. रोज तिथूनच जाते, मला कोण काय म्हणणार. डोक्यातच आलं नाही कधी.

७ मार्च
शाळेची मागची भिंत त्याच गल्लीला लागून. दार पाडायचं. हेडगुरुजी म्हणाले, तालुक्याहून, शिंदखेड्याहून मंजुरी लागेल. अर्ज टाकला. पण मंजुरी येईतो कमल चुलीपुढे बसलेली असेल...

२२ मार्च
मंजुरीचा पत्ता नाही. गवंडी रशीदभाई, त्यांची मुलगी तिसरीत. म्हणाले, "मातीची भिंत, बाई. एका सकाळचं काम." हेडगुरुजींना सांगितलं, उद्या रविवारी पाडतेय. चष्मा पुसत बसले. "रविवारी मी नरडाण्याला. मला काही माहीत नाही." भला माणूस.

२४ मार्च
काल दार झालं. चौकट नाही, नुसतं भगदाड. आज दुपारी आयांची सभा, मागच्या दाराने या असा घरोघर निरोप. आधी कुणीच नाही. मग पदर सावरत एक, तिच्यामागे दोघी, मग वर्ग भरला. तिसरीच्या बाकांवर दाटीवाटीने. कमलची आई उठली, सगळ्यांदेखत म्हणाली, "मनी कमल पाचवीमा जाई."
तेवढ्यात पुढच्या दारात नाना. तिने पदर पुढे ओढला. बाकावरून मात्र उठली नाही. नाना तिच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "भिंत कोना हुकूमथी पाडी? सकाळी पारवर या."
जाणार. पाचवीच्या यादीत कमलचं नाव लिहून ठेवलंय, शाईने.