डाव्या हाताचा खण

मंगळवार, ३ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

घरी सगळे बरे आहेत. पोरगी आठवीत गेली. हे पत्र टपालानं नव्हे, माझ्या ट्रकवाल्या मेव्हण्याच्या हाती पाठवतोय. कारण पुढं कळेल.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी मी नेहमीसारखे हात जोडले आणि टपाल निवडायला बसलो. तिसऱ्या गठ्ठ्यात तुझं अक्षर दिसलं. देश सोडल्यावर तू आईला लिहिलेलं पहिलं पत्र. तीच उजवीकडे कललेली अक्षरं. गुरुजींनी बोटांवर इतक्या पट्ट्या मारल्या, तरी ती सरळ झाली नाहीत. सहा वर्षं एका बाकावर तुझं कोपर माझ्या पाटीवर असायचं. मला हसू आलं. पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि ठेवून दिलं. कुठं, ते सांगतो.

त्याआधीचं आपलं शेवटचं बोलणं टपाल कचेरीच्या पायरीवर झालं. देशाची सत्ता हाती घेतलेल्या साहेबांनी निवडणुका बंद केल्या म्हणून तू तणतणत होतास. मी म्हणालो, दुकानं उघडी आहेत, शाळा भरतेय, आणखी काय हवं? "तोंडं बांधून आणलेली शांतता आहे ही," तू म्हणालास. आणि मी बोललो, "तुला लेकरू नाही, म्हणून सुचतंय हे." तू छत्री उचलून निघून गेलास.

ते बोलणं चुकलंच. पण दंगलीत मी तीन दिवस पोरीला घेऊन पलंगाखाली पडलो होतो. बाहेरून जळक्या रबराचा वास यायचा आणि ती कानात विचारायची, बाबा, आता खोकू का? साहेब आले आणि रस्ते शांत झाले. त्यासाठी मी देवाचे आभार मानले. खरं सांगतो, अजूनही मानतो.

मग वरून यादी आली. यादीतल्या नावांचं टपाल डाव्या हाताच्या खणात टाकायचं. वरचा माणूस येऊन वाचायचा, शिक्का मारायचा, आणि पत्रं माझ्याच कपाटात कुलूपबंद व्हायची. सोळावं नाव तुझं होतं. मनाशी म्हटलं, एवढ्यानं रस्ते शांत राहत असतील तर राहू देत.

एकोणीस पत्रं, मित्रा. आणि दर रविवारी मी तुझ्या आईकडे, काकूंकडे, जाऊन बसायचो. त्या विचारायच्या, त्याचं काही आलं का रे? मी म्हणायचो, कामात असेल. परवा त्या म्हणाल्या, "आता नाही विचारणार. उगाच तुला अवघडल्यासारखं होतं." घरी येऊन प्रार्थनेला बसलो, तर शब्दच आठवेनात.

आज सकाळी कपाट उघडलं. पत्रं काढून घेतली, त्यांच्या जागी माझ्या सहीची चिठ्ठी ठेवली आणि थेट काकूंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी पाकिटांवरून हात फिरवला.

"तू इथं बसून चहा प्यायचास, तेव्हा ही तिकडं होती?"

हो म्हणालो.

त्यांनी पहिलं पाकीट माझ्यापुढं सरकवलं. मग त्या म्हणाल्या, "वाच."

एकोणीसच्या एकोणीस वाचली. मध्ये एकदाही त्यांनी थांबू दिलं नाही.

उत्तर कचेरीच्या पत्त्यावर पाठवू नकोस. उद्यापासून त्या टेबलाशी दुसरा कुणी असेल.

तुझा म्हणवत नाही,
ज्यानं तुझी पत्रं अडवली तो