घोड्याच्या जागी आबा

सर, आज आठवीला 'गेट' हे क्रियापद शिकवलं. मिळणं, आणणं, पोचणं, समजणं, थकणं, सगळीकडं हाच एक शब्द. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, लई राबवून घेतात की ह्याला!" मला हसू आलं आणि तुमचा लोहारा गावच्या शाळेतला वर्ग आठवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय.

तुमच्या वर्गात गाईड बंद. घरी जे घडलं त्याचंच वाक्य करून आणायचं, हा तुमचा हट्ट. आमच्या घरी मेंढरांशिवाय दुसरं काय घडणार? त्या वर्षी माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन चार महिने बाहेर निघाले होते आणि कोकरं सांभाळायला मला नेणार होते. म्हणजे शाळा संपलीच. मी रडत रडत तुम्हाला सांगितलं, तसे तुम्ही माझी वही घेऊन सायकलवर आमच्या दारात हजर.

आबांनी घोंगडं अंथरलं. तुम्ही उपदेश केला नाही, नुसती वही वाचलीत. आधी इंग्रजी, मग मराठी, आणि प्रत्येक वाक्यात तेच 'गेट'. आबा पहाटे उठतात. हरवलेलं कोकरू शोधून आणतात. मेंढराचं दुखणं त्यांना समजतं. आबा मधेच म्हणाले, "एवढ्याला एकच शबुद? इंग्रज लईच गरीब दिसतोय, गुरुजी!" तुम्ही पोट धरून हसताय, अजून दिसतं मला. मग शेवटचं वाक्य वाचलंत, 'माय फादर नेव्हर गेट्स टायर्ड.' माझे वडील कधी थकत नाहीत.

आबांनी वही हातात घेतली. पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "हे पोरीनं लिवलं?"

"तिच्याच अक्षरात आहे," तुम्ही म्हणालात.

"मग ऱ्हाऊ द्या तिला हितंच, तिच्या मावशीकडं. कोकरांचं म्या बघतो."

सर, ते वाक्य गाईडातलं होतं. तिथं घोडा होता. मी घोडा काढला आणि आबांना बसवलं. आता मीच शिकवते, गाईडातलं वाक्य मला लांबूनच ओळखू येतं. म्हणजे तुम्हालाही तेव्हा ओळखू आलंच असणार. तरी वाचलंत. तुमचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आबा आता थकलेत. पण पाहुणा आला की "लेकीनं माझ्यावर लिवलंय" म्हणत तेवढं एक इंग्रजी वाक्य ऐकवतात. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि आबा घरात असताना मोठ्यानं वाचायची माझी हिंमत नाही.