तक्रारीतलं पहिलं नाव

मंगळवार, दिवेलागण

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी अंगणवाडी बंद करून निघाले, तर समाजमंदिरासमोर विजेच्या खांबाला एक माणूस बांधलेला. वाशिंदहून मिक्सर दुरुस्त करायला आला होता. महिन्यात दोन घरं भरदिवसा फुटली, म्हणून अनोळखी दिसला की चोर. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. दोर धरून माझेच दीर उभे.

"भाऊजी, सोडा त्याला."

"पोलीस येत नाय, मग आमी काय करायचं?"

चौकीत फोन लावला. गाडी एकच, ती मुरबाडला बंदोबस्ताला गेलीय, थांबा म्हणाले. कुठपर्यंत थांबायचं? जीव जाईपर्यंत? मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. कोणी मारलं नाही, कोणी हललंही नाही. ओठातलं रक्त शर्टावर सुकत गेलं.

दोन तासांनी हवालदार स्वतःच्या मोटारसायकलवर एकटेच आले. त्यांनी दोर सोडून त्या माणसाची पिशवी उघडली, तर पाने, पक्कड आणि जेवणाचा डबा निघाला.

"चौघांचं काम एकटा करतोय, बाई," ते म्हणाले.

चौकीतल्या जागा रिकाम्या ठेवणारे कधी समोर येत नाहीत, याची चीड येते. पण दोर त्यांनी बांधला नव्हता.

त्या माणसाला तक्रार द्यायची होती. हवालदार माझ्याकडे बघत म्हणाले, "पहिलं नाव तुमच्या दिरांचं येईल."

"लिहा," मी म्हणाले. साक्षीदार म्हणून सही केली.

भाऊजी अजून घरी आलेले नाहीत. सासूबाई माझ्याकडे पाठ करून बसल्यात. सही मी मागे घेणार नाही.