डिस्कवाला की बिनडिस्कचा

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढा). तू आणि वहिनी ठणठणीत असाल असं धरून चालतो, कारण विचारायला फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि मेसेज केला की अंगठा दाखवतोस. म्हणून हे कागदावर. इकडे सगळे बरे आहेत. मी दमलोय, पण त्यात नवीन काही नाही. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांना फोनवर धीर द्यायचा आणि घरी येऊन आपल्याला कोणी देतंय का ते बघायचं, असं चाललंय.

विषय बाबांच्या उजव्या हाताचा आहे. आजारपणानंतर पाय सुधारले, बोलणं सुधारलं (जरा जास्तच), पण बोटं काही ऐकेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबत बसायला रबरी चेंडू दिला, तो बाबांनी खिडकीतून भिरकावला. डाव्या हाताने. मग परवा शेजाऱ्यांकडे टीव्हीवर गेम चालला होता, त्यांनी सहज म्हणून कंट्रोलर बाबांच्या हातात दिला आणि दादा, बाबांचा अंगठा हलला. गाडी भिंतीवर आपटून आपटून तिचा पार चुराडा केला, पण बटण स्वतः दाबलं. मला रडूच कोसळलं. बाई म्हणाल्या, हे यंत्र घरी आणा, रोज खेळू द्या, आता बोटं वळली नाहीत तर पुढे वळायची नाहीत.

मग आण की, असं तू म्हणशील. पण आपल्या घरचा कायदा विसरलास काय? ज्याला वस्तू हवी त्याने ती निवडायची नाही. ज्याला तिच्यात काडीचा रस नाही त्याने निवडायची, म्हणजे डोकं ताळ्यावर राहतं. (याच कायद्याने तुझी सायकल आईने निवडली होती आणि तू वर्षभर पुढे भाजीची टोपली लावून कॉलेजला गेलास.) कायदा बाबांचा, त्यामुळे बाबांसाठी तो मोडायची सोय नाही. दुकानात मी गेलो.

दुकानदाराने एकाच यंत्राचे दोन प्रकार समोर ठेवले. एकात डिस्क घालायला फट, दुसऱ्यात फट नाही, सगळे खेळ इंटरनेटवरून उतरवायचे. बिनडिस्कचा सडपातळ, डिस्कवाला एका कुशीला जेवून उठल्यासारखा. हिचं म्हणणं बिनडिस्कचा आणा, घरात आणखी डब्या नकोत, धूळ पुसायला कोण आहे. बाबा म्हणाले डिस्कवाला. का, ते सांगेनात. ज्याला हवंय त्याला मत नसतं, हे मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, तर माझ्यावरच डाफरले.

माझं चुकलं ते पुढे. दुकानदार म्हणाला, खेळून तर बघा. बसलो. मान वर केली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. घरी येऊन जेवताना मी शेवटचं वळण कसं मारलं ते सांगत सुटलो, तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "याला रस आलाय. हा बाद." मग हिला नेमलं. तीही नुसतं बघायला म्हणून बसली आणि बाद झाली. (माझ्यापेक्षा बरी खेळते. हे मी तिला सांगितलेलं नाही.) आता घरात नीरस माणूस शिल्लक नाही. यंत्र दुकानात पडलंय आणि बाबांचा अंगठा घरात पडलाय.

उरलास तू. पत्ते वाटले तरी तू पेपर वाचत बसायचास. तेव्हा कृपा कर आणि एका शब्दात कळव.

तुझा दमलेला
धाकटा

ता. क. खरं सांगू? बिनडिस्कचा म्हणूनच कळव. आणि तिकडे तूही तसाच एक घे. रविवारी तू तिकडून आणि बाबा इकडून असं एकत्र खेळता येतं म्हणे. तुला प्रवास नको, रजा नको. चार वेळा तू येतो म्हणालास आणि मी चारही वेळा त्यांची समजूत काढली, आता माझ्याच्याने होत नाही.

ता. क. २. हे पत्र बाबांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. डाव्या हाताने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "म्हणूनच डिस्कवाला म्हणत होतो. दुसरा आणलास तर तो तिकडूनच खेळेल. डिस्क द्यायला तरी घरी यावं लागेल त्याला."

ता. क. ३. कळवायची तसदी घेऊ नकोस. आत्ताच जाऊन डिस्कवाला घेऊन आलो. कायदा मोडला, पण बाबांनीच खोकं मांडीवर ओढून घेतलं. उजवा हात त्या खोक्यावर ठेवून बसलेत. डिस्क मी एकही आणलेली नाही. ती तू आण.