बाबांचा मॉर्मन युक्तिवाद

बाबा, आईच्या मयतीच्या दिवशी ज्या युक्तिवादाने तुम्ही अक्काला दाराबाहेर ठेवले, तो कॅथलिक नव्हता, मॉर्मन होता, एवढेच मला इथे सिद्ध करायचे आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाली. उत्तर तुम्हाला देता येणार नाही. त्या दिवशी अक्काचे उत्तरही कुणी ऐकून घेतले नव्हते.

गंगापूरकडच्या आपल्या गावात तुम्ही धर्मशिक्षक होता. फादर अधूनमधून येत, बाकी सारे तुमच्यावर. अक्का लग्न होऊन हैदराबादला गेली, तिथे नवऱ्यासोबत मॉर्मन झाली, म्हणजे अमेरिकेतल्या एका माणसाने काढलेल्या पंथात गेली, पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आई गेल्याचे कळताच मिळेल त्या एसटीने आली. आई आत ठेवलेली आहे, बायका रडत आहेत, आणि तुम्ही उंबऱ्यात आडवे उभे आहात. मी तुमच्या मागे.

"स्वर्गाच्या किल्ल्या कुणाला दिल्या प्रभूनं?" वर्गात विचारावे तसे तुम्ही विचारता.

"प्रेषित पेत्राला."

"मंग तुमच्या त्या अमेरिकावाल्याकडं कशा गेल्या?"

"प्रेषित मेले, तसा अधिकार उठला. मंग पेत्रानंच येऊन त्याच्यावर हात ठेवला, बाबा. आता आत येऊ द्या. आईला बघू द्या."

"पेत्रापासून आपल्या बिशपापर्यंत हात सुटलेला नाय. ज्याला अधिकार नाय, त्यानं वतलेलं पाणी नुसतं पाणी. तू बाप्तिस्म्याची नाय, अन् या घरची बी नाय."

अक्काला दिसली ती झाकण लावून बाहेर आणलेली शवपेटी.

तुमचे पहिले विधान, परंपरा अखंड असल्याचे, कॅथलिक आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरे तपासू. अधिकाराच्या हाताविना बाप्तिस्मा होतच नाही, हे मॉर्मनांचे मत. म्हणून तर ते आपल्या माणसाला पुन्हा पाण्यात उतरवतात. आपली ख्रिस्तसभा असे म्हणत नाही. निकडीच्या वेळी कुणीही, स्वतः ख्रिस्ती नसलेल्यानेही, ख्रिस्तसभेचा हेतू मनात धरून पाणी ओतले आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने' हे शब्द उच्चारले, तर बाप्तिस्मा पुरा होतो. हे तुम्हीच शिकवलेत. शेजारणीचे तान्हे बाळ आपल्या स्वयंपाकघरात शेवटचे श्वास घेत होते, तेव्हा तुम्ही माठातले पाणी त्याच्या कपाळावर ओतलेत. तुमच्या डोक्यावर कोणत्या बिशपाने हात ठेवला होता? मॉर्मनांचा बाप्तिस्मा आपण मानत नाही, हे खरे; पण त्याचे कारण त्यांची त्रैक्याची, पिता-पुत्र-आत्मा मिळून एकच देव याची, कल्पना निराळी आहे, हे. आणि अक्काला तान्हेपणी मिळालेला बाप्तिस्मा तुमच्याच शिकवणीप्रमाणे कधी पुसला जात नाही. तेव्हा तिला अडवायला तुमच्यापाशी सिद्धान्त नव्हता, राग होता. मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवले. रागाला सिद्धान्ताचे कपडे चढवणारा विद्यार्थी समोर आला की मला तुम्ही दिसत होता, आणि मी त्याला नापास करत होतो.

आता तुमच्या शिक्षेकडे वळतो. अक्का गेल्या वर्षी वारली. परवा इथे, संभाजीनगरच्या घरी, तिच्या मुलीचा फोन आला. मॉर्मन लोक आपल्या मृतांच्या वतीने जिवंत माणसाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. त्याला जवळच्या नातेवाइकाची संमती लागते, आणि तुमचा जवळचा म्हणून मीच उरलो आहे.

"मामा, आजोबांचं करायचंय. हो म्हणता का?"

मला हसू आले. "कर. नाव मोठ्यांदा घ्यायला सांग, म्हणजे ऐकू जाईल त्यांना."

"असं चिडून नका ना म्हणू. आईनंच सांगून ठेवलंय. म्हणायची, बाबा तिकडं एकटे पडतील."

"आणि त्यांना नको असलं तर?"

"तर ते नाही म्हणू शकतात की. जबरदस्ती थोडीच आहे!"

पाहिलेत, बाबा? ते लोक मेलेल्या माणसालाही नकार देऊ देतात.

फोन ठेवून मी मोठ्या समाधानाने लिहायला बसलो होतो. जे पाठवायचे नाही, ते पत्र तरी बिनचूक असावे, म्हणून शेवटी हेही नोंदवतो. तो विधी पोकळ असेल, तर तुम्हाला काहीच होत नाही. खरा असेल, तर तुम्ही हो म्हणताच तुमचा उद्धार होतो. शिक्षा दोहोंपैकी कशातच नाही. अक्काच्या मायेला मी माझा सूड समजलो, ही माझी चूक मला मान्य आहे.

संमती मागे घेत नाही.

तुमचा मुलगा