साबणाच्या वडीत अकरा स्क्रू

प्रिय भिंगरी,

फोनवर तू दोन मिनिटांत ‘आई, मग बोलू’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. चौथीपर्यंत शाळा बघितलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं वाच, पण मधे उठू नकोस. वरच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आपल्या घड्याळजींकडे तुझा निरोप आला. पंधरा तारखेला येते, लॉन्ड्रीला कुलूप घाल, कपडे भरून ठेव, आता तुला एकटीला राहू द्यायचं नाही. त्यांनी तो मला वाचून दाखवला आणि मग उगाच चष्मा पुसत बसले. अगं, मी काय ट्रंक आहे, येऊन उचलायला? मी येणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला धाकधूक न होता वाचता येईल.

सगळं त्या एका झुरळावरून झालं. रविवारचे चार वाजले होते, मी ठेवणीतले कपडे घालून लॅपटॉपसमोर बसलेली, कारण विहीणबाई पहिल्यांदाच समोर यायच्या होत्या. त्या तुझ्या शेजारी येऊन टेकतात न टेकतात, तोच लॅपटॉपच्या डोळ्याजवळच्या फटीतून ते बाहेर आलं आणि बरोबर डोळ्यावर बसलं. मला ते नखाएवढं दिसत होतं, तुमच्याकडे म्हशीएवढं झालं असणार. विहीणबाई किंचाळल्या. मी आपली सवयीने चप्पल उचलली, आणि माझ्या मागाहून लक्षात आलं, की तिकडे ती चप्पल थेट त्यांच्या तोंडावर आल्यासारखी दिसली असेल. त्यांना सांग, नेम त्यांच्यावर नव्हता.

आता खरं सांगते. मला चार महिन्यांपासून माहीत होतं. आधी बटणांच्या मधून मिशा हलताना दिसल्या. मग एकदा बंद करताना आत काहीतरी सरसरलं. मी बोलले नाही. तू लगेच म्हणाली असतीस, टाकून दे ते, फोनवर बोलत जाऊ. आणि फोनवरची तू मला पुरत नाहीस. फोनवर सगळ्या लेकी मजेत असतात. लॅपटॉपवर मला तुझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसतात, जावईबापूंच्या कॉलरची इस्त्री उलटीकडून झालेली दिसते, तू ‘जेवले’ म्हणताना कुठे बघतेस ते दिसतं. तेवढ्यासाठी मी झुरळं सांभाळली. सांभाळली म्हणजे दर शनिवारी लॅपटॉप उलटा करून थोपटायचा, पडतील तेवढी चिरडायची आणि रविवारी तोंड पुसून तुझ्यासमोर बसायचं.

आणि त्यांना बोलावणंही मीच धाडलं होतं. लॅपटॉपला ओल लागू नये म्हणून मी तो पाण्याच्या बंबाजवळच्या फळीवर ठेवायची. वर जाड कापडाचं कव्हर शिवलं, आणि माझं शिवलेलं म्हटल्यावर त्याला पिठाची खळ लागणारच, कडक घडी बसेल अशी. म्हणजे खायला खळ, बसायला ऊब, लपायला अंधार. घरच्या जावयाची इतकी बडदास्त कुणी ठेवत नाही. चूक माझी, ती मी कबूल करते. कुणाच्या बापाला घाबरून नाही, चूक होती म्हणून.

सोमवारी दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरवर लॅपटॉप ठेवला, तर त्यातून एक मिशीवाले साहेब बाहेर आले आणि दुकानदाराच्या पावतीपुस्तकावरून फिरायला निघाले. दुकानदाराने पेनाच्या टोकाने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, बाई, हा कचऱ्यात टाका आणि असलं पुन्हा इकडे आणू नका. आवाज असा, जणू मीच त्याच्या काउंटरवर चढले होते. मी म्हटलं, बाबा, तुझ्या शर्टाची बाही मी बघते आहे, आत तीन महिन्यांचा मळ आहे, मी काही तुला कचऱ्यात टाकलं नाही. आणि लॅपटॉप काखोटीला मारून निघाले.

घड्याळजी म्हणाले, उघडूया. पण त्यांच्या हाताला आता कंप आहे, चहाची बशीसुद्धा वाजते. म्हणून ठरलं की हत्यारं त्यांची, डोळा त्यांचा, हात माझे. मी आधी म्हटलं, वाफ मारते, माझ्या वाफेपुढे डाग टिकत नाहीत तर झुरळं काय टिकणार. ते इतके जोरात ओरडले की खालची माणसं वर बघायला लागली. पाणी नाही, वाफ नाही, फवारा नाही, यंत्र मरेल. मग म्हटलं, ती ऊब बघून आत गेली ना, तर ऊब बघूनच बाहेर येतील. लॅपटॉपची बॅटरी काढून टाकली आणि तो झाकणाच्या मोठ्या डब्यात घातला, थंड फरशीवर. डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात खळ लावलेला जुना रुमाल, नुकती इस्त्री फिरवलेला, चार पदरी घडी. वरून काळं घोंगडं. दोन तासांनी घोंगडं काढायचं, रुमाल चिमट्याने उचलायचा आणि थेट उकळत्या पाण्याच्या टबात. पहिल्या खेपेला सात निघाली. घड्याळजी म्हणाले, वहिनी, हे डोकं तुम्ही इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं? मी म्हटलं, मानेवरच होतं, तुमचं लक्ष घड्याळात. चार दिवस हेच केलं. पाचव्या दिवशी रुमाल कोरा निघाला.

मग उघडला. अकरा स्क्रू निघाले, दोन तर रबराच्या पायांखाली दडवलेले. बनवणाऱ्याच्या मनात काय असतं कोण जाणे. प्रत्येक स्क्रू जिथून काढला त्या जागेप्रमाणे मी धुण्याच्या साबणाच्या वडीत टोचत गेले, म्हणजे परत लावताना घोळ नको. आत पंख्यावर लॉन्ड्रीतल्या धाग्यांचा बोळा बसला होता, आणि कडेकडेने तांदळापेक्षा जराशी मोठी, तपकिरी, अंड्यांची पाकिटं. नऊ होती. कॉलरच्या ब्रशने झाडली, अडकलेली सुईने सोडवली, श्वास रोखून. घड्याळजी भिंगातून बघत सांगत होते, डावीकडे, हळू, त्या तारेला हात नको. तुझ्या जन्माच्या वेळीही मला इतका घाम फुटला नव्हता. सगळं लावलं, एकही स्क्रू उरला नाही. बटण दाबलं. लागला! त्यावर तुझं ते लहानपणचं दात पडलेलं चित्र आलं. कव्हर जाळलं. फळी बंबापासून लांब, भिंतीला नवी ठोकून घेतली. आता त्यात झुरळ नाही.

हे सगळं मी तुला बढाई म्हणून लिहीत नाही. त्या रविवारी तू घाईघाईने लॅपटॉपच्या डोळ्यावर तळवा ठेवलास. चित्र गेलं, भिंगरे, आवाज गेला नव्हता. तू विहीणबाईंना म्हणालीस ते मी इथे चप्पल हातात धरून ऐकलं. “बाबा गेल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नाही. घाणीत राहते, तिला कळत नाही. मी घेऊन येते तिला.” तू लाजेने बोललीस हे मला समजतं. एका झुरळापेक्षा एक वेडी आई सांगायला सोपी गेली तुला. पण आईला वेडी ठरवून तिची लॉन्ड्री बंद करायची, हे मी चालू देणार नाही. लॉन्ड्री चालू आहे. आजसुद्धा अठ्ठावीस शर्ट आहेत. या रविवारी चार वाजता मी समोर बसणार आहे. विहीणबाईंना शेजारी बसव आणि माझ्यादेखत त्यांना सांग, की आईचं डोकं शाबूत आहे, खोटं मी बोलले. तोंडातून शब्द फुटत नसेल तर रडून सांग, पण सांग. मग पंधराला खुशाल ये. न्यायला नको, राहायला ये. एक खाट रिकामी आहे आणि तुझ्या डोळ्यांखालची ती वर्तुळं मला जवळून बघायची आहेत.

तुझीच,
डोकं ठिकाणावर असलेली आई