गाडीच्या पोटाखालची स्टेपनी

नाटुब्लेंग, २ जुलै १९८८

चि. अलिपिओस अ. उ. आ.

तुझ्या बायकोनं पाठवलेली सुकी मासळी पोचली. मुलांचे बाबा खाणीवरच आहेत, नाताळाशिवाय यायचे नाहीत.

काल तुझा दोस्त तेबान कोबी भरायला आला होता. म्हणाला, तू तुझ्या ट्रकच्या हौद्यातली स्टेपनी गाडीखाली टांगणार, तेवढ्या जागेत आणखी कोबी मावेल म्हणून. आणि टांगणी स्वतःच जुन्या पलंगाच्या लोखंडातून करणार. लहानपणी तू केलेल्या खुराड्यातून कोंबड्या पहिल्याच दिवशी पळाल्या होत्या, हे तेबानला सांगितलं. तो पोट धरून हसला.

पण मला भीती वाटते. रस्ता आमच्या छपराच्या वर, आणि मुलांची खोली डोंगराकडची. गेल्या पावसात कोबीच्या गड्ड्याएवढा धोंडा आला, तर पत्रा फाटला. स्टेपनी आली तर? माझ्यासाठी ती हौद्यातच राहू दे.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी ताई


ला त्रिनिदाद, ९ जुलै

ती. फेलिसाताईस सा. न. वि. वि.

टांगणी झालीसुद्धा. चेसीला दोन आडवे अँगल, मधे पाइपाचा दांडा. दांड्याचं एक टोक बिजागरीवर, दुसरं लांब बोल्टवर. स्टेपनी दांड्यावर सरकवायची आणि पान्यानं नट आवळत वर घ्यायची. तेबान त्याला लोंबकळला, गाडी हलली पण दांडा हलला नाही. त्याचं वजन तुला ठाऊक आहेच. सासरे म्हणाले, गाडीला नवं काही बसवलं की कोंबडी कापावी. मी म्हटलं, पलंगाच्या लोखंडाला कसली कोंबडी! तेव्हापासून बायको धड बोलत नाही.

तू मुलांना चुलीपाशी निजवतेस असं कळलं. तिथे धूर, आणि धाकटीला खोकला. त्यांना त्यांच्या खोलीत निजव. आपली भीती पोरांच्या गळ्यात बांधू नकोस.

भाच्यांना मामाचे पापे. माया आहे तशीच ठेव.
अलिपिओ


नाटुब्लेंग, २१ सप्टेंबर

चि. अलिपिओस अ. उ. आ.

काल हॉर्न वाजवून गेलास, मुलं नाचली. मी मात्र वर बघत होते. तुम्ही सगळे गाडी बाजूनं बघता. वळणावर ती कडेला आली की तिचं पोट मला अंगणातून दिसतं. स्टेपनी एका बाजूला कलली आहे. ब्रेक गार ठेवायला टपावरच्या पिंपातून जे पाणी सोडता, ते नेमकं तुझ्या त्या नटावर टपकतं. तू गेल्यावर रस्त्यावर जाऊन पाहिलं, थेंबांचे डाग तांबडे होते.

धाकटीचा खोकला फार वाढला, म्हणून तुझं ऐकून अंथरुणं परत खोलीत घातली. मला डोळा लागत नाही. एकदा गाडीखाली शिरून बघ, माझी शपथ आहे.

काळजीत,
ताई


ला त्रिनिदाद, २५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता बाजारात मिळालं. लगेच गाडीखाली शिरलो. स्टेपनी नाही. दांडा बिजागरीला नुसता लोंबतोय, बोल्ट गंजून तुटलाय. पाणी नटावर पडतं हे मला माहीत होतं, ताई. आम्हा ड्रायव्हर लोकांत म्हणतात, गंजलेला नट कधी सुटत नाही. म्हणून पिंपाची नळी हलवली नाही, उलट बरंच झालं म्हटलं. नट सुटला नाहीच, बोल्टच गेला.

आज पहाटे तुझ्या वळणावर ब्रेक दाबला तेव्हा मागे धप्प आवाज झाला. मला वाटलं, खड्डा. थांबलो नाही. मुलांना त्या खोलीत निजवायला मीच सांगितलं होतं. तेबान वर येतोय. त्याच्याबरोबर यायला निघालो होतो, पण काय बघावं लागेल या भीतीनं त्याच्या गाडीतून परत उतरलो. त्याच्या हाती एकच ओळ पाठव.

अलिपिओ


नाटुब्लेंग, २५ सप्टेंबर, संध्याकाळ

चि. अलिपिओस,

मुलं सुखरूप आहेत. पहाटे वर झाडं मोडल्याचा आवाज झाला, मी दोघांना ओढतच बाहेर आणलं. स्टेपनी घरावर आली नाही. आमच्या पत्र्याच्या थेट वर दोन पाइनच्या झाडांमधे अडकली आहे. त्यातलं एक मुळापासून कललंय आणि पाऊस धरलाय. शेजारचं कुणी जवळ जायला धजत नाही. तशीच ढकलून द्यावी तर आमच्याखाली आणखी घरं आहेत. मुलांना चर्चमध्ये ठेवलंय. मी अंगणातून तिच्याकडे बघत लिहिते आहे.

रागवायला पुढे वेळ आहे. लोभ आहे, म्हणून तुलाच बोलावते. दोर घेऊन ये. पण गाडी वळणावर आणू नकोस, जमीन हादरेल. अलीकडेच ठेव आणि चालत ये.

ताई